चिडीचूप

बायकोच्या हातून पातेल्याचं झाकण निसटलं. फरशीवर आदळून ते स्वतःभोवती गरगरत राहिलं, आधी मोठ्याने, मग बारीक, मग अगदी पातळ आवाजात, आणि एकदाचं निजलं. आवाज पुरता विझेपर्यंत ऐकत राहायची त्याला सवय होती. धंद्याची सवय. तो लोकांचे कान तपासायचा, कमी ऐकू येणाऱ्यांना कानातली मशीनं बसवून द्यायचा, आणि दिवसभर असले विझत जाणारे आवाज ऐकवून ‘येतोय का अजून?’ असं विचारत बसायचा. झाकण निजल्यावर त्याने मान वर केली तेव्हा समोरची खुर्ची रिकामी होती. अर्धी खाल्लेली ताटली तिथेच, पाण्याचा पेला तिथेच, आणि मुलगी नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज त्याने ऐकला नव्हता. त्याने! टाचणी पडली तर कुठल्या खोलीत पडली ते सांगणाऱ्याने.

"भिंगरी?" त्याने हाक मारली. सहा वर्षांच्या त्या पोरीला घरात सगळे भिंगरीच म्हणायचे, कारण ती उभी राहिली तरी गोल फिरायची, बसली तरी पाय फिरवायची, झोपेतसुद्धा पलंगावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरून सकाळी भलत्याच दिशेला डोकं करून उठायची. हाकेला उत्तर आलं नाही. तो वाकला. टेबलाखाली, भिंतीला पाठ टेकून, गुडघे छातीशी घेऊन ती बसली होती. एक तळहात तोंडावर. डोळे उघडे, पण त्याच्याकडे नाही, फरशीकडे. पोटसुद्धा हलत नव्हतं. श्वास कुठे ठेवला होता तिने कोण जाणे. "भिंगरी, काय झालं गं?" तरी ती हलली नाही. मग तिने मोठा श्वास सोडला, हसली, आणि म्हणाली, "बाबा, तू बोललास. तू आउट."

"हा कसला खेळ?"

"चिडीचूप. शिबिरातला. मोठा आवाज आला किंवा शिट्टीताईने शिट्टी वाजवली की जवळच्या खोलीत पळायचं. दिवा बंद. आणि चिडीचूप. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही."

"आईने मारली तरी?"

"आईने मारली तरी. तू मारलीस तरी." ती टेबलाखालून बाहेर आली आणि उरलेलं जेवायला बसली. "डाळिंबांमध्ये मी पहिली आहे. अंजिरं लहान असतात ना, ती हसतात. मी नाही हसत."

अंजिरं म्हणजे शिबिरातली सगळ्यात लहान मुलं, डाळिंबं म्हणजे तिच्या वयाची. सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या आवारात, शाळेला सुट्टी लागल्यापासून, समाजातल्या मुलांचं हे शिबिर भरत होतं. सकाळी सोडायचं, दुपारी आणायचं. मुलं तिथे गाणी शिकत, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं गिरवत, चित्रं रंगवत, फुगवलेल्या तलावात डुंबत आणि शुक्रवारी वेणीचा पाव वळून घरी आणत. भिंगरीने आणलेला पहिला पाव वेणीपेक्षा गाठीसारखाच जास्त होता. बायकोने त्यावर कापड झाकून, दिवे लावून, तो असा काही मानाने मध्यभागी ठेवला होता की त्याला हसू आवरेना. किती दिवसांनी त्या घरात शुक्रवारच्या प्रार्थनेचे दिवे लागले होते.

मुलगी झोपल्यावर तो बायकोला म्हणाला, "तू पाहिलंस ना ती कशी बसली होती?"

"पाहिलं. शाळेत नाही का शिकवत, आग लागली तर काय करायचं ते."

"आगीला आडनाव माहीत नसतं."

बायको भांडी पुसायची थांबली. ती डोळ्यांच्या दवाखान्यात परिचारिका होती, आणि डोळ्यात थेंब घालताना रोग्याला सांगते तशा शांत आवाजात बोलायची. "म्हणून काय जन्मभर लपून बसायचं?"

"लपायला तर तेच शिकवतायत तिला."

"ते लपायला शिकवतात दहा मिनिटं. बाकीचा दिवस गायला शिकवतात. तुझ्या बाबांनी तुला नुसतं लपायलाच शिकवलं."

हे खरं होतं, म्हणून लागलं. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. दुसऱ्यांची नावं माणसाच्या उंचीची, लाल, पिवळी, सावली पाडलेली, अशी की रस्त्याच्या टोकावरून वाचता यावीत. स्वतःचं नाव मात्र अर्धं सांगायचे. त्यालाही तसंच शिकवलेलं. ‘पहिलं नाव सांगायचं. आडनाव विचारल्याशिवाय सांगायचं नाही. विचारलंच तर खोकायचं. खोकणाऱ्या माणसाला कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही.’ समाजातल्या इतरांच्या दाराच्या चौकटीवर बाहेरून ठोकलेली असते ती पवित्र वचनाची लहानशी डबी, त्यांच्या घरी आतल्या बाजूला ठोकलेली होती, कोट टांगायच्या खुंटीच्या मागे. जाता-येता वडील कोटाला हात लावल्यासारखं करून तिला हात लावत. लहानपणी त्याला बरीच वर्षं वाटायचं की आपण कोटाची पूजा करतो. एकदा, मिसरूड फुटायच्या वयात, त्याने चिडून विचारलं होतं, "असं काय झालं होतं तुमच्या बाबतीत?" वडील ब्रश धुवत होते. पाण्यात लाल रंग सुटत होता. "काही झालं नाही," ते म्हणाले. "म्हणून तर." त्या दोन शब्दांत किती खोल विहीर आहे ते त्याला तेव्हा कळलं नाही. आता मध्येच, कुणाच्या कानात रबराचा साचा बसवताना, त्या विहिरीत दगड पडल्याचा आवाज यायचा. मागच्या वर्षी भिंगरीने शाळेतून येऊन विचारलं, "बाबा, आपण कोण?" आणि तो खोकला. खरंच खोकला. बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "पुरे झालं तुझं हे खोकणं," आणि सुट्टी लागायची वाट पाहून तिने मुलीचं नाव शिबिरात घातलं.

दुसऱ्या दिवशी भिंगरीला सोडायला गेला तेव्हा तो फाटकाशीच रेंगाळला. उंच लोखंडी फाटक, त्याला आतून पत्रा ठोकलेला, पत्र्यात डोळ्याएवढं भोक. भोकातून दरवान पाहायचा आणि मगच उघडायचा. दरवान दाराएवढाच रुंद होता. मुलं त्याला कपाट म्हणायची आणि तोही ‘कपाट उघडलं, पटकन आत या’ म्हणत त्यांना घ्यायचा. आत शिट्टीताई मुलांच्या रांगा लावत होती. साठी उलटलेली, निवृत्त व्यायामशिक्षिका, गुडघे दुखत असूनही पायात कायम कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी. त्याच्या लक्षात आलं की एवढा कलकलाट चालला होता, पण ती शिट्टीला हात लावत नव्हती. टाळ्या वाजवत होती, ओरडत होती, घसा बसला होता तिचा.

"बाई, तो खेळ," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याने रस्ताभर जुळवलं होतं, ते विस्कटलं. "मुलांना भीती वाटेल असं नाही वाटत तुम्हाला?"

"मुलांना वाटत नाही," ती म्हणाली. "आईबापांना वाटते. तुम्ही पहिले नाही विचारणारे." तिने त्याच्या दंडाला धरून त्याला जरा बाजूला घेतलं. "हे बघा, मी त्यांना काय सांगू? कोण येईल, का येईल, हे सांगू? त्यापेक्षा खेळ बरा. देव करो आणि तो खेळच राहो." मग एकदम हसून, "तुम्हाला एवढी काळजी आहे तर शुक्रवारी या मदतीला. कणीक मळायला माणसं कमी पडतात. पाववाले आजोबा एकटे किती करतील?"

तो हो म्हणाला. मदत करायची म्हणून नव्हे. निदान त्या दिवशी तरी आपण फाटकाच्या आत असू, एवढ्यासाठी.

मधले दिवस त्याने दुकानात कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. कान तपासायची खोली म्हणजे एक लहानशी पेटीच होती, भिंतींना जाड स्पंज, दार लावलं की बाहेरचं जग पुसलं जायचं. रोगी कानावर हेडफोन चढवून बसायचे, आवाज आला की बटण दाबायचं. काही लोक आवाज नसतानाही दाबत. आपल्याला ऐकू येत नाही हे उघडं पडू नये म्हणून, भीतीने, ते नसलेले आवाज ऐकायचे. तो त्यांना कधी हसला नव्हता. आता त्याचंच तसं झालं होतं. दुपारी रस्त्यावर ट्रकचा फाळका आदळला की त्याचा हात टेबलाची कड पकडायचा. सिनेगॉगच्या दिशेने रुग्णवाहिका गेली असं वाटायचं आणि ती उलट्या दिशेला गेलेली असायची. एकदा तर तो ऐन तपासणीत रोग्याला पेटीत बसवून बाहेर आला आणि शिबिरात फोन लावला. कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा मागून मुलांचं गाणं ऐकू आलं, बेसूर, एकमेकांच्या पुढे पळणारं. त्याला काय विचारायचं होतं ते सुचेना. "नाही, काही नाही," म्हणून त्याने फोन ठेवला. पेटीतला म्हातारा आतून काचेवर टकटक करत होता.

शुक्रवारी हवा छान होती. हे त्याला नंतर फार विचित्र वाटायचं. आवारात फुगवलेला तलाव उन्हात निळा दिसत होता. भिंगरी डाळिंबांबरोबर आवाराच्या पलीकडच्या चित्रांच्या खोलीत गेली, जाताना वळून तिने त्याला हात केला आणि गोल फिरत आत शिरली. तो अलीकडच्या स्वयंपाकघरात अंजिरांमध्ये उभा राहिला. आठ-दहा पोरं, कोपरापर्यंत पीठ, नाकावर पीठ. पाववाले आजोबा त्याचं जुनं गिऱ्हाईक निघाले. त्यांच्या उजव्या कानातलं मशीन त्यानेच बसवलं होतं. "अरे, तू होय!" ते ओरडले, कारण ते नेहमी ओरडूनच बोलायचे. "हे तुझं यंत्र शिट्ट्या मारतं बघ. बायको असती तर म्हणाली असती, या वयात कुणाला मारताय?" पोरं कशाला हसायचं ते न कळता हसली. आजोबांनी कणकेच्या तीन दोऱ्या लांबवल्या. ‘ही यावर, ही त्यावर, मधली रुसली, तिला मधे घ्या.’ पोरं वळू लागली. एक चार वर्षांची मुलगी, कपाळावर झिपऱ्या आलेली, काही न बोलता येऊन त्याच्या बुटावर बसली. पायाला मिठी मारून, जणू तो खांब आहे. तिचा कणकेचा गोळा तिने त्याच्याकडे वर धरला. ‘तुम्ही करा.’ तो वळू लागला. कणकेचा आंबूस, उबदार वास, भट्टीची धग, बाहेर कुठेतरी गाणं, आणि पायावर एका पोराचं वजन. त्याच्या मनात आलं की वडिलांनी हे कधी अनुभवलंच नाही. इतकी आपली माणसं एका खोलीत, मोठ्याने बोलणारी. घसा मोकळा करावा, यांच्याबरोबर गावं, असं त्याला वाटलं आणि त्याने खरंच तोंड उघडलं होतं.

तेव्हा काच फुटली. एक, आणि लगेच दुसरी. मग शिट्टी, लांब, न थांबणारी.

मोठी माणसं एक क्षण तशीच उभी राहिली. पोरं नाही राहिली. ती हातातली कणीक टाकून सरळ मागच्या कोठीच्या खोलीत शिरली, एकमेकांना न ढकलता, मुंग्या बिळात शिरतात तशी. आजोबांना शिट्टी ऐकू आली की नाही कोण जाणे, पण मुलं गेली म्हणून तेही गेले. शेवटी तो, आणि पायाला धरून ती झिपरी. त्याने दार ओढलं, कडी घातली. कोठीत पिठाची पोती, घडीच्या खुर्च्या, चेंडूंचं खोकं. वर हाताएवढा झरोका. मुलं भिंतीला पाठी लावून बसली आणि सगळ्यांचे तळहात तोंडावर गेले. कुणी हसलं नाही. अंजिरं हसतात असं भिंगरी म्हणाली होती. ती नाही हसली.

आणि त्या शांततेत आजोबांच्या कानातलं मशीन शीळ घालू लागलं. त्यांनी घाबरून कानावर हात ठेवला होता, आणि हात जवळ आला की ते यंत्र किंचाळतं हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? त्याने हात लांब करून ते त्यांच्या कानातून उपसलं, नखाने सेलचं झाकण उघडलं. शीळ थांबली. आजोबा अर्धवट उजेडात त्याच्या तोंडाकडे पाहत राहिले. आता त्यांना काहीच ऐकू येणार नव्हतं. बाहेर काय चाललंय हे कळणारा त्या खोलीत मोठा माणूस तो एकटाच उरला. त्याला त्यांचा हेवा वाटला.

कारण त्याला सगळं ऐकू येत होतं. दरवानाची अर्धी आरोळी, मध्येच तुटलेली. मग पावलं. पळणारी नव्हेत. चालणारी, निवांत, फुटक्या काचांवरून. आणि पावलांबरोबर भिंतीला घासत येणारं लोखंड. गज असावा, किंवा पहार. विटांच्या सांध्याशी तो जरासा अडे आणि पुन्हा घासत पुढे येई. खर्र, टक्. खर्र, टक्. मग माणूस बोलला. तो ओरडेल असं वाटलं होतं, पण तो ओरडला नाही. एखादा काका जेवायला हाका मारतो तसा, घरगुती आवाजात म्हणाला, "कुठे आहात रे सगळी? या ना बाहेर." त्या आवाजात आपलेपणा होता. अशा हाकेला कुठलंही मूल ओ देईल. कोठीतल्या एकाही मुलाने दिली नाही. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही, आईने नाही, बाबाने नाही. तो नियम का होता ते त्याला आता कळलं, आणि शिट्टीताईबद्दल एकाच वेळी कृतज्ञता आणि संताप दाटून आला. हे इतकं बारीक ती कुठे शिकली असेल? कुणी शिकवलं असेल तिला, कुठल्या उन्हाळ्यात?

लोखंड स्वयंपाकघरात आलं. पत्र्याचं काहीतरी खाली पडलं. कणकेचं ताट असेल. पावलं थांबली. त्याच्या हृदयाचा आवाज त्याला कानात नव्हे, दातांत ऐकू येत होता. त्याला वडील दिसले, खुंटीवरच्या कोटाला हात लावताना. पायावर बसलेल्या पोरीची बोटं पोटरीत रुतली होती. मग पावलं वळली. दाराबाहेर गेली. आवारात उतरली. लांब जाऊ लागली, खर्र आणि टक् बारीक होत गेलं, आणि त्याचं सगळं अंग सैल पडलं. गेला. आनंद झाला त्याला, निव्वळ, जनावराला होतो तसा आनंद. डोळ्यांत पाणी आलं. गेला, गेला. आणि मग, तो आवाज विझेपर्यंत ऐकत राहायच्या सवयीनेच, त्याला समजलं की तो कुठे गेला. आवाराच्या पलीकडे एकच खोली होती.

पहिला घाव लाकडावर पडला तेव्हा त्याचा हात कडीवर होता. कधी गेला ते कळलं नाही. तिकडे भिंगरी आहे. आपण इथे लोकांची पोरं घेऊन उभे आहोत आणि भिंगरी तिकडे आहे. दुसरा घाव. कडी सरकवायला काही लागत नाही. दार उघडायचं, आवार ओलांडायचं. मग हे दार उघडं राहील. आजोबा लावतील आतून. आजोबांना ऐकूच येत नाही, काळोखात त्यांना काय कळणार? कळेल. नाही कळलं तर? नाही कळलं तर नाही कळलं. असा विचार त्याने केला, शब्दाशब्दाने केला, आणि पाऊल उचललं. पाऊल उचलेना. त्याच्या बुटावर ती बसली होती, दोन्ही हातांनी पाय कवळून.

तो वाकला आणि तिची बोटं सोडवू लागला. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं. पिठाने बुळबुळीत, बारीक, पण घट्ट. एक सोडवलं की आधीचं पुन्हा चिकटायचं. त्याने जोर लावला. तिला दुखलं असणार. तिने मान वर केली, झरोक्यातला उजेड तिच्या तोंडावर पडला. तोंड उघडं होतं, ओठ थरथरत होते, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि आवाज मात्र नव्हता. एवढासाही नाही. तिचा एकच हात मोकळा झाला होता, तो त्याने सोडवलेला, आणि त्या हाताने तिने परत त्याचा पाय न धरता स्वतःचं तोंड दाबून धरलं. खेळाचा नियम म्हणून. ती रडली असती तर तो गेला असता. पुढे कितीतरी वेळा त्याने हे मनात घोळवून पाहिलं आणि दर वेळी तेच उत्तर आलं: ती ओरडली असती, साधी मुसमुसली असती, तर तो तिला ढकलून गेला असता. तिच्या गप्प राहण्याने त्याचे हात गळाले. तिसरा घाव पडला. तो तसाच वाकलेला राहिला, एक हात कडीवर, एक तिच्या मुठीवर, आणि त्याने प्रत्येक घाव ऐकला. मोजले नाहीत. मोजायची शक्ती नव्हती.

मग पुष्कळ पावलं, पळणारी. आरडाओरडा. काहीतरी जड खाली पडलं, लोखंड फरशीवर वाजत गेलं. आणि बराच वेळ काही नाही. शेवटी शिट्टी, दोनदा. त्याचा त्या शिट्टीवर विश्वास बसेना, पण मुलं केव्हाच उठून कपडे झटकत होती.

चित्रांच्या खोलीच्या दाराला उभी फट पडली होती, पण ते टिकलं होतं. चित्रकलेच्या बाईंनी मोठं टेबल दाराला लावलं होतं आणि त्यावर स्वतः बसल्या होत्या. दरवानाचा दंड काचेने फाटला होता. तो पायरीवर बसून आपल्याच रक्ताकडे कुतूहलाने बघत होता. त्या माणसाला पोलीस घेऊन गेले. तो कोण, कुठला, कुणालाच माहीत नव्हतं. काही जण म्हणाले, गेले काही दिवस समोरच्या बसथांब्यावर बसलेला दिसायचा, बस आली तरी न चढता. भिंगरी भिंतीशी उभी होती. गालाला हिरवा रंग. ती धावत आली नाही. तो तिच्यापाशी गुडघ्यांवर बसला.

"बाबा, मी आवाज नाही केला," ती हळूच म्हणाली. "पण शू झाली." आणि फ्रॉकची ओली कड मुठीत लपवून खाली बघू लागली. त्याने तिला उचललं. ओलं, उबदार, जिवंत. नळापाशी नेऊन तिचे पाय धुतले, आपला शर्ट काढून तिला गुंडाळला. कणकेचा वास अजून त्याच्या हातांना होता. त्याने ते हात पुन्हा पुन्हा धुतले.

घरी बायकोने मुलीला आंघोळ घातली, निजवली, आणि मग न्हाणीघराच्या फरशीवरच बसून राहिली. "तू कुठे होतास?" तिने विचारलं.

"कोठीत. अंजिरांबरोबर."

"बरं झालं. त्या लेकरांजवळ कुणीतरी होतं." तिने त्याचा हात गालाशी धरला. तिचा तो थेंब घालतानाचा आवाज कुठे गेला होता. "आता नको पाठवायला. तुझ्या बाबांचंच बरोबर होतं. गप्प राहायचं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

इतकी वर्षं ज्या वाक्याची त्याने वाट पाहिली ते हे वाक्य. पण बायकोच्या तोंडून वडील बोलले आणि घरातला शेवटचा दिवा कुणी फुंकून टाकल्यासारखं त्याला झालं. ती भित्री नव्हती म्हणून आजवर त्याला भिता येत होतं. आता दोघांनीही भ्यायचं म्हटलं तर भिंगरीसाठी मागे उरणार कोण?

काचा बसवून झाल्यावर, दार बदलल्यावर शिबिर पुन्हा भरलं. निम्मी मुलं आली नाहीत. भिंगरी म्हणाली, "माझं चित्र अर्धं राहिलंय." बायको त्याच्याकडे बघत होती. त्याने खाली बसून मुलीच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. गाठ दोनदा सुटली. "पोचवून येतो," तो म्हणाला. त्याला धाडस वगैरे आलं नव्हतं. रस्ताभर तो प्रत्येक चालणाऱ्या माणसाच्या हाताकडे बघत होता, आणि बसथांब्यावर कुणी बसलेलं दिसलं की तिचं मनगट घट्ट धरत होता.

फाटकाशी एक बाई पुढे आली. त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या पदरामागची मुलगी त्याने लगेच ओळखली. कपाळावर झिपऱ्या.

"तुम्हीच ना ते कानांच्या दुकानातले?" बाईचे डोळे भरून आले. "आजोबा म्हणाले, तुम्ही दार धरून उभे होतात. कसे आभार मानू तुमचे? स्वतःची मुलगी तिकडे असून..." तिने मुलीला पुढे ओढलं. "काकांना थँक्यू म्हण."

मुलगी बोलली नाही. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि त्याच्याकडे बघत राहिली. गजवाल्या माणसाची भीती आणि ही भीती यांत काय फरक आहे ते त्याला सांगता आलं नसतं. एवढंच समजत होतं, की या चार वर्षांच्या मुलीने तोंड उघडलं तर आपण इथे उभे राहू शकणार नाही.

"लाजतेय," आई म्हणाली.

"असू दे," तो म्हणाला.

"मी रडले नव्हते," मुलगी एकदम म्हणाली. त्याला. आईला नव्हे.

"नाही," तो म्हणाला. तो खोकला नाही. "तू नाही रडलीस."

ती अजून क्षणभर बघत राहिली, मग हात पाठीमागेच ठेवून आत गेली. भिंगरीही गेली, गोल फिरत, मागे न बघता. आत टाळ्या वाजल्या, शिट्टीताईचा बसका आवाज आला, रांगा लागल्या. कुणीतरी गाणं सुरू केलं आणि बाकीच्यांनी ते उचललं, पहिल्यापेक्षा कमी आवाज, पण तेवढेच बेसूर. पट्टी बांधलेल्या हाताने दरवान फाटक लोटत होता. ते जागचं हलेना.

"साहेब," दरवान म्हणाला, "हात काढा. बंद करायचंय."

त्याने खाली पाहिलं. त्याची दहाही बोटं फाटकाच्या कडेला आवळलेली होती. त्याने ती सोडवायला सुरुवात केली.